रिकाम्या स्वयंपाकघराची फाइल

बर्नबी शहरातल्या एका स्टुडिओत इंग्रिड दिवसभर वेब सिरीजचे भाग कॉम्प्रेस करून लहान फाइलमध्ये बसवायची. पडद्यावर जे हलतं त्यालाच फाइलमध्ये जागा लागते, स्थिर चित्र चिमूटभर जागेत मावतं. तरी चौथ्या भागातल्या रिकाम्या स्वयंपाकघराच्या दृश्याची फाइल मारामारीच्या प्रसंगाएवढी भरली.

"फाइलचं नाव चुकवलंस, बाई! भलतीच फाइल उचललीस," शेजारच्या टेबलावरून डेझमंड हसला.

नाव बरोबर होतं. स्वयंपाकघरात तर काहीच हलत नव्हतं.

तिने पुन्हा कॉम्प्रेस केली. या खेपेला फाइल इवलीशी झाली.

"मिटलं ना? चल आता जेवायला."

"आलेच."

प्रोग्राम नीट चालतोय ना याची खात्री करावी म्हणून तिने फोन टेबलावर टेकवला, बाजूला होऊन आपल्या खुर्चीमागच्या कोऱ्या भिंतीचं मिनिटभर चित्रण केलं आणि तेही कॉम्प्रेस केलं.

ती फाइल मारामारीएवढी भरली.