पहिली तीन मिनिटं

लेकीने लॅपटॉप कापड बेतायच्या टेबलावर मांडला, तशी बाबांनी कात्री आणि खडू उचलून आपली कड सोडून दिली.

"घरी बसून होत नाही का अभ्यास?"

"घरी झोप येते."

दुपारची वेळ. दुकान जेमतेम आठ पावलांचं. नवे कपडे शिवायला हल्ली क्वचितच कुणी टाकत असे. मोठं लहान करणं, लहान मोठं करणं, त्यावरच बाबांचं चाललं होतं, आणि बरं चाललं होतं.

सिनेमाच्या वर्गात यंदा सरांनी काम दिलं होतं. वयात येणाऱ्या पोरांवरचे तीन सिनेमे घ्या. प्रत्येकाची पहिली तीन मिनिटं डोळे फुटेस्तोवर बघा. त्यात काय काय सांगून टाकलंय ते लिहा आणि मग तुमच्या सिनेमाचं पहिलं दृश्य घेऊन या. मागच्या खेपेला तिने खिडकीच्या उडत्या पडद्याआडून दूर बघणाऱ्या मुलीचं दृश्य नेलं होतं. सर म्हणाले, "खिडकी छान आलीय. मुलगी कुठाय?" सगळा वर्ग खो खो हसला. उद्या सकाळी दुसरी संधी होती. तीही गेली, तर वर्षभर दुसऱ्याच्या सिनेमाला दिवे धरून उभं राहायचं.

तिसरा सिनेमा ती पाचव्यांदा बघत होती. बारा-तेरा वर्षांचा मुलगा धडाधड जिना उतरत होता. तिने वहीत लिहिलं, 'जिना: बालपण मागे पडल्याचं प्रतीक.'

बाबा एका शर्टाला काज करत होते. मान तिरकी करून त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"याला आई नाही का गं?"

तिने सिनेमा थांबवला. मुलाला आई नाही हे त्यात चाळिसाव्या मिनिटाला कळतं.

"तुम्ही बघितलाय हा?"

"मी कुठला बघतोय! त्याची पँट बघ ना." बाबांनी सुईनेच दाखवलं. "खालची दुमड सोडलीय. जुन्या घडीची रेघ दिसते बघ, दोन बोटं वर. म्हणजे पोरगा सपाटून वाढलाय. आणि नवी दुमड हाताने घातलीय. टाके हे एवढाले, एक इकडे, एक तिकडे. त्यानेच घातलेत, नाहीतर त्याच्या बापाने."

"आयांनाच शिवता येतं, असं कुठाय?"

"तसं नाही. तुझ्या आईला अजून साधं बटण लावता येत नाही. पण ती मला हाक तरी मारते. त्याच्या बापाला मात्र हाक मारावी असं घरात कुणी दिसत नाही."

लेक पडद्याला नाक लावून बघत राहिली. रेघ होती. टाकेही होते. पाच वेळा तिच्या डोळ्यांसमोरून गेले होते. तिने 'प्रतीक' या शब्दावर काट मारली.

तेवढ्यात एक बाई आत आल्या, मागोमाग त्यांची पोरगी. पोरीच्या अंगात शाळेचा स्कर्ट होता आणि तो गुडघ्यांच्या बराच वर गेला होता.

"दादा, तीन महिन्यांपूर्वीच लांब करून नेला होता हो. आता तुम्हीच बघा!"

"ही खाते तरी काय?"

"सगळं," पोरगीच म्हणाली.

बाबांनी तिला स्टुलावर चढवलं, टाचण्या ओठांत धरल्या आणि खाली गुडघे टेकले. लेकीचा हात आपोआप बॅगेतल्या कॅमेऱ्याकडे गेला.

"काकू, शूट करू? कॉलेजचं काम आहे."

"माझं नको हं, अवतार आहे माझा. हिचं कर."

बाबांनी खिशातून कंगवा काढला.

"बाबा, कंगवा आत. काम करा."

ती त्यांच्या शेजारी जमिनीवर फतकल मारून बसली. कॅमेरा स्कर्टच्या कडेइतका खाली आला. बाबांनी टाके उसवले, कापड खाली ओढलं.

"सरळ उभी राहा."

"सरळच आहे."

"मग श्वास सोड. पोट आत घेऊन उंची वाढत नाही." बाबांनी पोरीच्या आईकडे पाहिलं. "किती सोडू?"

"असेल तेवढं सगळं सोडा."

"सगळंच सोडलंय. आता आत कापड उरलं नाही. पुढच्या वेळी नवा लागेल."

बाईंनी वाकून स्कर्टची कड चिमटीत धरून पाहिली. मग म्हणाल्या, "बरं."

शेवटची टाचणी लागली तशी पोरगी टुणकन उतरली. आईचा हात धरून तिने तिला ओढतच भिंतीवरच्या उंच आरशापुढे नेलं आणि शेजारी उभी राहिली.

"बघ, बघ! मी तुझ्या कानापर्यंत आले!"

"चल गं! कानापर्यंत म्हणे. खांद्याला लागतेस जेमतेम."

लेक जमिनीवरून उठली नव्हती. कॅमेऱ्यात तिला फक्त चार पाय दिसत होते. त्यातल्या मोठ्या दोन पायांच्या टाचा, अगदी सावकाश, चपलांमधून वर उचलल्या गेल्या.