दहापैकी दहा

सुदामा नगरच्या देवदत्तने लहानपणापासून जपलेलं क्रिकेटचं कार्ड हातमोजे घालून कडक कव्हरमध्ये सरकवलं, बबल रॅपमध्ये गुंडाळलं आणि खोक्यात ठेवलं. "आई, हात नको लावू हां! कार्ड किती चांगलं जपलंय ते तपासून कंपनीवाले ह्याला दहापैकी मार्क देतात," असं बजावून तो टेप आणायला गेला. आल्या आल्या खोकं चिकटवून त्याने कंपनीला पाठवून दिलं.

पंधरा दिवसांनी ते परत आलं. उघडताच असा आंबूस भपकारा आला की त्याने तोंडच फिरवलं. कार्डावर हिरवी बुरशी माजली होती.

"छी, छी! आई, काय सडवलंय हे?"

आईने नाकाला पदर लावून कार्डावरच्या फलंदाजाकडे बोट दाखवलं.

"तूच बोलला न, मार्क मिळणार? परीक्षेला निघाला होता बिचारा, हातावर दही ठेवलं मी!"