शेवेलच्या आठ वायरी

'फट्ट' करून कार्ब्युरेटरमधून पुन्हा जाळ निघाला आणि ग्रेगने किल्ली मागे फिरवली. बॉनेटपाशी उभा असलेला त्याचा बाप, हार्लन, हातातल्या चिंधीने भुवया चाचपत मागे सरकला.

"राहिल्या का?" ग्रेगने गाडीतूनच विचारलं.

"होत्या कुठे फारशा."

एरवी ग्रेग हसला असता. आज तो मुकाट्याने उतरला.

एकोणसत्तर सालची ती शेवेल गाडी कित्येक वर्षं गॅरेजात ताडपत्रीखाली पडून होती. आई गेली आणि बाप घरात एकटाच बडबडायला लागला, तेव्हा ग्रेगनेच ताडपत्री ओढून काढली. "चल, हिला उभी करू," म्हणाला. तेव्हापासून दर शनिवारी तो दोन तास ट्रक हाणत बापाच्या गावी, फ्लिंटला येत होता. पत्रा झाला, रंग झाला. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसले, जुना गिअरबॉक्स जाऊन पाच गिअरचा नवा आला. गेल्या शनिवारी इंजिन असं घुमलं होतं, की शेजारच्या बाई दारात येऊन टाळ्या वाजवून गेल्या.

आणि आज हे.

"टॉर्च कुठेय, बाबा?"

"तिसऱ्या खणात, मागे. सॉकेटच्या डब्याखाली."

ग्रेग टॉर्च घेऊन इंजिनावर वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"प्लगच्या वायरी कोणी काढल्या होत्या?"

"मी. प्लग पुसून ठेवावेत म्हटलं."

"आणि परत लावल्या कोणी?"

"मीच. इथे दुसरं आहे कोण?"

"बाबा, एकही जागेवर नाही."

हार्लनची उभी हयात इंजिनाच्या कारखान्यात गेली होती. त्याच्या हातून वायरी उलटसुलट लागणं म्हणजे सुगरणीने कॉफीत मीठ घालण्यासारखं होतं. आणि हे पहिल्यांदाच घडत नव्हतं. कधी ब्रेकच्या नळीचा नट सैल निघायचा, कधी गिअरचा दांडा उलटा बसलेला. सुरुवातीला ग्रेगने बापाची यथेच्छ टिंगल केली. मग टिंगल बंद झाली आणि तो इंटरनेटवर म्हातारपणीच्या विसरभोळेपणाबद्दल वाचायला लागला.

हार्लनने एक सँडविच पुढे केलं. ग्रेगने ते घेतलं आणि नुसतंच हातात धरून ठेवलं.

"आमच्याकडे एक वृद्धाश्रम पाहून ठेवलाय," तो म्हणाला. "चांगला आहे. बाग आहे."

"मला काय करायचीय बाग? मला हे घर आहे."

"उद्या गॅस चालू ठेवशील. परवा रस्ता चुकशील."

"अरे, वायरी चुकल्या. रस्ता नाही चुकलो."

"तुझ्या बाबतीत आता त्यात फरक आहे का?"

ह्याच घरात हार्लनची बायको मार्ज गेली होती. स्वयंपाकघरात तिचा एप्रन अजून खिळ्याला होता. त्याला ह्या घरातच मरायचं होतं आणि हे त्याने मुलाला दहादा सांगितलं होतं.

"आणि समज," त्याने जरा थांबून विचारलं, "समज, मला काहीच झालेलं नसेल तर?"

ग्रेग कडवट हसला. "तर मग जेन मला घराबाहेर काढेल. वर्षभर एकच भुणभुण आहे तिची, म्हातारा चांगला ठणठणीत आहे, तू कशाला मरमर करत जातोस? टेसाच्या मॅचचा अख्खा सीझन मी पाहिला नाही, बाबा. पहिल्या मॅचला पोरगी प्रेक्षकांत मला शोधत होती म्हणे. शेवटी शेवटी तिने बघायचंच सोडून दिलं."

हार्लनने आपलं सँडविच खाली ठेवलं.

"आता निदान तिला सांगता येईल, की आजोबांना बरं नव्हतं," ग्रेग म्हणाला. "मोठी झाली की समजून घेईल. हे सगळं उगाचच झालं असतं ना, तर मी कुणालाच माफ केलं नसतं. स्वतःलाही नाही."

मग ग्रेगने नाक पुसलं आणि बापासमोर स्टूल ओढून बसला.

"एक संधी देतो. ठिणगीचा क्रम सांग, कुठल्या सिलिंडरनंतर कुठला पेटतो तो. मला पाढे यायच्या आधी हा क्रम पाठ होता, तूच मांडीवर घेऊन शिकवलास. बरोबर सांगितलास तर वृद्धाश्रमाचं नाव पुन्हा काढणार नाही. शपथ."

हार्लनने मुलाकडे पाहिलं. चाळिशीतला तो गडी श्वास रोखून बसला होता.

"एक," हार्लन म्हणाला. "आठ."

"हं."

"चार."

"हं, पुढे?"

"सहा... नाही, पाच." हार्लनने कपाळ चोळलं. "पाच, तीन... पुढचं गेलं बघ डोक्यातून."

ग्रेगने त्याला मिठी मारली आणि लहान पोरासारखा रडला. हार्लन त्याची पाठ थोपटत राहिला. "असू दे रे. चालायचंच. बागेत बाक तरी आहेत ना?"

"आहेत, बाबा."

"झालं तर मग. गाडी तू घेऊन जा. टेसाला फिरव."

ग्रेग डोळे पुसत बायकोला फोन करायला बाहेर ट्रकपाशी गेला. हार्लन उठला. त्याने आठही वायरी उपसल्या आणि अंगणातल्या पाठमोऱ्या मुलाकडे बघत, हातांकडे एकदाही न बघता, एकेक करून जागच्या जागी बसवल्या. वर्षभर दर शनिवारी, ग्रेगचा ट्रक वळणाआड दिसेनासा झाला की, ह्याच हातांनी तो पुढच्या शनिवारसाठी काही ना काही बिघडवून ठेवत आला होता.