वरच्या बाजूचे आरसे

"आचो, तोंड असं का? घरचा याक मेला की काय?" मुटुपने खंबीर या जाड लडाखी रोटीचा तुकडा पुढे केला. अंगदुसने तो घेतला नाही.

लडाखमधल्या हानलेच्या टेकडीवरच्या अवाढव्य दुर्बिणीत दोघांनी उन्हाळाभर आरसे बसवले होते. अवकाशातले गॅमा किरण हवेवर आदळले की क्षणभर निळसर लकाकी उमटते. ती टिपायची तर आरसा केसभरही हलता कामा नये. वरची बाजू मुटुपने बसवली होती, खालची अंगदुसने. संध्याकाळी पहिला ठळक तारा दिसला की बाहेरून आलेले साहेब त्याचं प्रतिबिंब तपासणार होते. ज्याची बाजू चोख, त्याची नोकरी कायम. दुसऱ्याने हिवाळ्याआधी सामान बांधायचं.

अंगदुस इथे नऊ वर्षं राबत होता. त्याला आचो, म्हणजे थोरला भाऊ, म्हणणारा मुटुप येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती, पण त्याचा हात असा, की बघणाऱ्याने बघत राहावं. नेमकं तेच अंगदुसला सहन होत नव्हतं. त्या पोराची शीळ ऐकली तरी त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"वहिनींना कितवा महिना लागला?" मुटुपने विचारलं.

"आठवा. तुला काय करायचंय?"

"मला काय! मी सडाफटिंग, कुठेही मेंढ्या राखीन. ती वही द्या इकडे, साहेबांच्या टेबलावर ठेवून येतो."

कोणते आरसे कुणी बसवले, याची नोंद त्या वहीत असे. ती मुटुपच लिहायचा. अंगदुसला लिहिण्याचा भारी कंटाळा.

मुटुप वही घेऊन गेला, तसा अंगदुस पाना घेऊन आरशांपर्यंत वर नेणाऱ्या लोखंडी पाळण्यात चढला. वरच्या बाजूच्या सात आरशांमागचे स्क्रू त्याने जरा जरा पिळले. खाली उतरल्यावर त्याने गार झालेला लोण्याचा चहा घशाखाली ओतला. कित्येक महिन्यांनी त्याला बरं वाटलं.

संध्याकाळी पडद्यावर तारा उमटला. खालच्या बाजूचा ठिपका ठीकठाक होता. वरच्या बाजूचा पार विस्कटला होता, एका ताऱ्याचे आठ तारे झाले होते.

मुटुप पांढराफटक पडला. अंगदुसने ओठ दाबून हसू आवरलं.

साहेबांनी वही उघडली. "खालची बाजू मुटुपची. शाब्बास! आणि वरची..." त्यांनी चष्मा सारखा केला. "अंगदुस, नऊ वर्षांत हेच शिकलास?"

अंगदुसला काही कळेना. त्याने वळून मुटुपकडे पाहिलं.

मुटुप साहेबांचा हात धरून काकुळतीने सांगत होता, "पुन्हा एकदा बघा ना, साहेब. वरचे आरसे चुकणं शक्यच नाही. आचोने फार जीव लावून बसवलेत ते."