सरदारचा दहावा दिवस

कावळा पिंडाला शिवेना.

साडेअकरा वाजून गेले होते. घाटाच्या भिंतीवर सात कावळे बसून होते आणि एकही खाली येत नव्हता. खाली पत्रावळीवर रावजीचा पिंड, शेजारी त्याला आवडायची ती नागलीची भाकर आणि चिमूटभर तंबाखू.

रावजी माकडं सांभाळायचा. मदाऱ्यांकडून सोडवलेल्या माकडांसाठी एका संस्थेने दिंडोरी रस्त्यापासून आत निवारा बांधला होता, तिथे. हाताला चावा लागला, हात कोपरापर्यंत सुजला, विष अंगात चढलं आणि पाचव्या दिवशी तो गेला. दवाखान्यात विचारलं होतं, माकड चावलं का? रावजीने मान हलवली होती.

मान हलवली म्हणजे चावणारं माकड सरदारच. रावजी दुसऱ्या कुणाच्या पिंजऱ्यात बसायचाच नाही.

सरदारला इंजेक्शन देऊन संपवायचं, असं संस्थेने ठरवलं. कागदावर सह्या झाल्या. व्यवस्थापक कुलथे एवढंच म्हणाले की सुतकात वानर मारायला नको, दहावा होऊ द्या.

तो आज होता. इंजेक्शनची वेळ दुपारी चारची होती.

*

(कचेरीतल्या फळ्यावरचा कागद. लिहिणाऱ्या डॉ. ज्योत्स्ना, निवाऱ्याच्या जनावरांच्या डॉक्टर. साल २००१.)

एकटं ठेवलेलं माकड आजारी पडतं. खाणं सोडतं. स्वतःला चावतं, नाहीतर जवळ येईल त्याला. पिंजरा मोठा करून भागत नाही. सोबत द्या.

*

सरदारला सोबत मिळेना. आठ वर्षं चार फुटी साखळीला काढलेली. मदाऱ्याने पुढचे दात फोडलेले. दुसरं माकड आत सोडलं की तो कोपऱ्यात तोंड लपवायचा. मग रावजीच आत बसायला लागला. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, रविवारीसुद्धा. शेंगदाणे कुटून त्याला भरवायचा, स्वतःचा डबाही तिथेच खायचा. तीन महिन्यांत सरदार अंगावर हात ठेवू द्यायला लागला. पाहुणे येऊन दोघांचे फोटो काढून घेऊन जायचे.

रावजीची खोली कुंपणाच्या आतच होती. दहा बाय आठ, वर पत्रा. माकडं पळतील म्हणून फाटकाला कायम कुलूप. त्याची बायको चिमणाबाई पेठ तालुक्यातली. खोलीच्या दारातून तिला सरदारचा पिंजरा सरळ दिसायचा.

*

पहिलं वचन रावजीच्या भावाने दिलं. हिरामण सातपूरला कारखान्यात होता, दहावा गोदावरीवरच करायचा हा हट्ट त्याचाच. मुंडण केलेल्या डोक्यावरचा घाम पुसत त्याने हात जोडले. पेठची जमीन वहिनीच्या नावावर करीन, म्हणाला.

कावळे बसून राहिले.

वहिनीला एकटं ठेवणार नाही, माझ्याकडं नेईन, म्हणाला. एका कावळ्याने मान तिरपी केली. बस, तेवढंच.

चिमणाबाई वरच्या पायरीवर होती. गुडघे पोटाशी घेऊन पुढे-मागे झुलत होती. पाण्यावर ऊन होतं, ती तिकडे बघत होती. बायका म्हणाल्या, रडू द्या तिला. ती रडत नव्हती.

कुलथ्यांनी घड्याळ पाहिलं आणि पुढे झाले. त्याचं मन त्या माकडात अडकलं असणार, ते म्हणाले. मग पिंडाकडे बघून त्यांनी रावजीला सांगितलं, की सरदारला आजच संपवतो, तू निर्धास्त जा.

भिंतीवरचे सहा कावळे एकदम उठले आणि नदीपलीकडे गेले. एक राहिला.

ज्योत्स्ना खालच्या आवाजात म्हणाली, “उलटं बोलून बघा ना सर.”

कुलथे कसनुसं हसले. बरं, नाही मारत, म्हणाले.

कावळा खाली आला. पायरीवरून टुणटुण उड्या मारत पिंडापासून वीतभर अंतरावर थांबला. त्याने कुलथ्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उडून पुन्हा भिंतीवर बसला.

“साहेब,” हिरामण म्हणाला, “मेलेल्या माणसाला तरी फसवू नका.”

*

गुरुजींना पुढची दोन कामं होती. त्यांनी दर्भाच्या काड्या वळायला घेतल्या. कावळा नाही आला तर दर्भाचा कावळा करून शिवतात, शास्त्रात सोय आहे, म्हणाले. ज्योत्स्नाला कळत होतं, काड्यांची गाठ बसली की सगळे उठणार, आणि चार वाजता सिरिंज तिलाच भरावी लागणार. तिने पाच मिनिटं मागितली. गुरुजींनी वळणं थांबवलं नाही.

तेव्हा चिमणाबाई उठली.

दहा दिवसांत कुणी तिचा आवाज ऐकला नव्हता. त्याआधी कधी ऐकला होता, ते ज्योत्स्ना आठवायला लागली. आठवेना. कुंपणाच्या आत रोज जाणं-येणं होतं, तरी आठवेना.

हिरामणने जागा करून दिली. “बोला वहिनी. त्याचं काय राहिलं आसंल ते तुम्हालाच ठाव.”

तिने हात जोडले नाहीत. पिंडाकडे पाहिलंही नाही. वळून कुलथ्यांच्या समोर उभी राहिली. तिने तोंड उघडायच्या आत भिंतीवरचा कावळा उतरला होता, आणि त्याची चोच भातात गेली होती.

“सरदारला मारू नका साहेब,” ती म्हणाली. “त्यांच्या हाताला मी चावले व्हते.”