नळावरचे गणपती

पहिला गणपती फुटला तेव्हा मृदुलाने डोळे मिटून घेतले होते. टाईल सुरीने निघते का ते तिने आधी पाहिलं. पण पुरुषोत्तमकाकांनी चिकटवलेली टाईल कसली निघतेय! मग मनातल्या मनात हात जोडून तिने हातोडी उचलली.

मनुरेवा उपनगरातल्या मराठी मंडळाच्या शेडमध्ये सिमेंटचे बारा खांब उभे होते. वानुआतू बेटांवरच्या बारा गावांत पाण्याच्या टाक्या बसणार, त्यांच्या नळांसाठी. प्रत्येक खांबावर गणपतीची टाईल, कोणी थुंकू नये, घाण करू नये म्हणून. मंडळाचे अध्यक्ष असलेल्या काकांच्या पुण्यातल्या सोसायटीच्या जिन्यात हाच उपाय लागू पडला होता. वानुआतूत मात्र गेल्या वर्षीच्या टाकीला गावाने हातच लावला नाही. चर्चला जाणारी माणसं परक्या देवापुढे वाकून पाणी कशाला भरतील? पोरं ओढ्याचंच पीत राहिली. त्यातलं एक जुलाबाने गेलं, तिथे गेलेल्या मृदुलाच्या डोळ्यांदेखत.

बारा टाक्या मंडळाच्या आवाक्याबाहेरच्या, म्हणून या वेळी इथल्या सरकारची मदत मागितली होती. मदतीवर धर्माची खूण नको, ही सरकारची अट. अकरा वाजता सरकारी बाई पाहणीला येणार होत्या, आणि काका म्हणत होते, देव दिसला तर काय बिघडतं.

आवाज ऐकून काका धावत आले. जमिनीवर सोंडेचा तुकडा दिसला आणि त्यांचं भान सुटलं. हातोडी हिसकावून त्यांनी तिच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचं दोघांनाही ऐकू आलं. ती खांबावर आपटली, कपाळ फुटलं, आणि काकांनी हातोडी पुन्हा उगारली. सेक्रेटरी विवेकने मागून मिठी मारली म्हणून ती वाचली.

"माझ्या देवाला हातोडी लावतेस?" काका ओरडले. उभ्या जन्मात मुंगी न मारलेला माणूस.

तेवढ्यात दारातून "किया ओरा" असा माओरी नमस्कार आला. सरकारी बाई, हेलन. रक्त बघून त्या जागीच थांबल्या, अँब्युलन्ससाठी फोन काढत काय झालं विचारू लागल्या. जिथे कार्यकर्तीचं डोकं फुटतं त्या मंडळाला सरकार दमडी देणार नाही, हे तिघांनाही कळत होतं.

पोलिसांनाही बोलवा, हे मृदुलाच्या ओठांवर आलं होतं. तरी तिने ते गिळलं आणि मराठीत म्हणाली, "काका, उरलेल्या अकरा तुम्ही फोडताय, की सांगू हिला?"

काकांची मान खाली गेली.

मग तिने हेलनला सांगितलं, टाइल्स काढतोय आम्ही, माझा पाय घसरला.

काका दुसऱ्या खांबापाशी गेले. पायातल्या रबरी जॅन्डल्स काढून बाजूला ठेवल्या. हातोडी नुसती टेकवावी तशी मारली. टाईलला तडासुद्धा गेला नाही.

मृदुलाने मोडलेला हात पोटाशी धरला.

"जोरात, काका."