रॅम्पचं पान

अंदाजपत्रकात रॅम्प कुठेच नव्हता.

मंदारने पुन्हा वरपासून वाचलं. पाया, काँक्रीट, सळई, विटा, फरशी, रंग. सगळं होतं. नव्या इमारतीला वळसा घालत पहिल्या मजल्यावरच्या वाचनालयापर्यंत चढणारा रॅम्प तेवढा नव्हता. आणि काम मिळाल्याचं पत्र सकाळीच आलं होतं. बाहेर नामदेवराव स्वतःच्या हाताने ऑफिसात पेढे वाटत होते.

नामदेवराव नारायणगुड्यातले जुने ठेकेदार. मंदार पुण्याहून त्यांच्याकडे नोकरीला आला आणि त्यानेच त्यांना एआयचं सॉफ्टवेअर घ्यायला लावलं. त्यात नकाशे टाकायचे. भिंती, दारं, खोल्या मोजून ते मालाचा हिशेब काढून देई. आठवड्याचं काम दुपारपर्यंत उरकायचं. जे पान त्याला वाचता येत नसे, त्यावर ते पिवळी खूण करी. माणसाने ते पान पाहिलं अशी टिचकी मारल्याशिवाय पुढे जात नसे. सुरुवातीला मंदार असं प्रत्येक पान उघडायचा. निघायचं काहीतरी किरकोळच. मग तो नुसतीच टिचकी मारू लागला.

रॅम्पचं पान आर्किटेक्टने मागाहून हाताने काढून जोडलं होतं.

मंदार बाहेर गेला. "सर, घोटाळा झालाय," तो म्हणाला. "सॉफ्टवेअरने रॅम्प धरलाच नाही."

बोलताना त्याला ते खोटंही वाटलं नाही.

नामदेवरावांच्या हातातला पेढा हातातच राहिला. ठेका एकरकमी होता. नकाशात जे जे दाखवलंय ते सगळं त्याच पैशांत बांधून द्यायचं. रॅम्प बांधला तर या कामात हाती काहीच उरणार नव्हतं.

"मशीनच ती, चुकली असेल," ते म्हणाले. "तू परेशान नक्को होऊ. त्रिवेणीबाईंना भेटू. रॅम्प गाळा म्हणून हात जोडू. ऐकतील त्या."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मंदारला वाटलं.

त्रिवेणीबाई वाचनालयाच्या ट्रस्टच्या अध्यक्ष. त्यांचं घर सुलतान बाजारातल्या एका गल्लीत होतं. जुनं वाचनालयही त्याच गल्लीत, एका सराफाच्या दुकानावर, अंधाऱ्या उभ्या जिन्याने चढून जायचं. दोघं घरात शिरले तेव्हा बैठकीत चाकांच्या खुर्चीवर एक वृद्ध बाई बसल्या होत्या.

"ह्या आमच्या कुसुमताई," त्रिवेणीबाई म्हणाल्या. "ते वाचनालय ह्यांनीच चालवलं. अर्धांग झाल्यापासून जिना चढता येत नाही. आज हट्ट धरून आल्यात. हिशेब करणाऱ्याला बघायचंय म्हणाल्या."

"तो मीच," मंदार म्हणाला.

कुसुमताईंनी आपला चांगला हात पुढे केला. मंदारने हात दिला. त्यांनी तो धरूनच ठेवला.

"इतर सगळ्या ठेकेदारांनी रॅम्प काढून टाका म्हणून लिहिलं," त्या म्हणाल्या. आजारपणानंतर त्यांचे शब्द सावकाश यायचे. "एकाने तर त्रिवेणीला तोंडावर विचारलं, एका बाईसाठी एवढा खर्च कशाला? पुस्तकं घरपोच द्या की. अरे, पुस्तकं येतातच घरी. मला तिथे जाऊन बसायचंय. तुझ्याकडून मात्र एक शब्द आला नाही. तेव्हाच मी हिला म्हटलं, या ऑफिसात कुणीतरी माणूस बसलाय."

नामदेवरावांनी रस्ताभर एक वाक्य जुळवून आणलं होतं. त्यांच्या तोंडून ते निघेना. त्यांनी मंदारकडे पाहिलं. त्या पाहण्यात थोडा अभिमानही होता.

मंदारने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. त्याचे कान तापले. हात अजून कुसुमताईंच्या हातात होता आणि तो सोडवून घ्यायचं त्याला धैर्य होईना.

"ताई, मी ते पान उघडलंच नव्हतं," तो म्हणाला.

कुणाला काही कळलं नाही. मग त्याने सगळं सांगितलं. नामदेवरावांकडे न बघता सांगितलं. "सॉफ्टवेअरने मला विचारलं होतं, हे पान तुम्ही पाहिलंत का? मी हो म्हणून टिचकी मारली. आमच्या हिशेबात रॅम्प नाहीच. तो गाळा, असं सांगायलाच आम्ही आज आलोय."

नामदेवराव हे पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांचा चेहरा उतरला. ते उठून उभे राहिले.

"रॅम्प होणार," ते त्रिवेणीबाईंना म्हणाले. "ठरलेल्या पैशांतच होणार. नकाशात आहे तसाच. माझा शब्द आहे."

त्रिवेणीबाईंनी मोठा श्वास सोडला. "पोरगं खरं बोललं, हे बी कमी नाही," असं म्हणून त्या चहा ठेवायला आत वळल्या. क्षणभर मंदारलाही सुटल्यासारखं वाटलं. नोकरी गेली तरी चालेल, पण हे तरी निस्तरलं.

कुसुमताईंनी त्याचा हात सोडला. आपला हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे पाहत राहिल्या. त्या नजरेत राग नव्हता.

"त्या बाकीच्यांना मी फार बोल लावले रे," त्या म्हणाल्या. "पण नाही म्हणण्यापुरता तरी त्यांनी माझा विचार केला होता."